बियाची ओटी

म्हातारपणी माणसानं सगळ्यांना माफ करावं, मन हलकं ठेवावं, म्हणजे तब्येत चांगली राहते, असं सांगणारे लोक मला पुष्कळ भेटले. त्यातले बरेचसे माझ्या आधीच गेले. मी अजून आहे, माझ्या पायानं परसात जाते आणि ज्वारीची भाकर माझ्या दातांनी चावते. मला कुणी विचारलं तर मी खरं ते सांगते. म्हातारपण नीट काढायचं असेल तर एखाद्या तरी माणसाला मुळीच माफ करू नये. हे मी माझ्या नवऱ्याच्या आत्याकडून शिकले.

साखरा या गावी लग्न होऊन आले तेव्हा मला लुगडंही धड सावरत नव्हतं. घरात सासरा, सासू, नवरा आणि सासऱ्याची थोरली बहीण. तीच ही आत्या. ऐन उमेदीत तिचा नवरा गेला, सासरच्यांनी वाट दाखवली आणि ती माहेरी आली ती कायमची. माहेरी परतलेल्या बाईच्या ताटात काय पडतं ते मी सांगत बसत नाही. शिळं पडतं, आणि वाढणारीचं तोंड वाकडं असतं ते वेगळं. पण एक गोष्ट आत्याकडं अशी होती की तिच्यापुढं सासऱ्यालाही मान खाली घालावी लागे. पेरणीची मूठ तिची होती.

आता तिफण कुणी पाहिलेली नाही म्हणून सांगते. तिफणीला तीन दाते, वर मधोमध चाडं, म्हणजे लाकडी वाटीच, तिला तीन भोकं, आणि त्या भोकांतून खाली दात्यांपर्यंत नळ्या. बैल पुढं चालतात, गडी हाकतो, आणि मागून एक बाई ओटीत बी घेऊन चालते. मूठ चाड्यावर धरायची आणि बोटांच्या फटीतून बी असं सोडायचं की तिन्ही नळ्यांत सारखं पडावं. बैल अडखळला तर मूठ आवळायची, पळाला तर सैल सोडायची. चुकलं तर त्या वेळी काही कळत नाही. आठ दिवसांनी कोंब वर आले की कळतं, आणि मग कापणी होईपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना कळत राहतं. एके ठिकाणी दाटी, एके ठिकाणी नांग्या, म्हणजे नुसती उघडी माती.

आणि त्यात आणखी एक होतं. विधवेची ओटी कुणी भरत नाही. चैत्रात नाही, संक्रांतीला नाही, कधीच नाही. आत्याची मात्र वर्षातून दोनदा भरायची, खरिपाला आणि रब्बीला, बियानं. तिफणीची पूजा झाली की सगळ्यांच्या देखत ती ओचा पसरून उभी राहायची. तेवढं तिचं तोंड मी हसरं पाहिलेलं आहे.

मूठ एकीकडून दुसरीकडं जायची एक रीत होती. जिची मूठ असेल तिनं आपल्या ओटीतलं बी नव्या बाईच्या ओटीत ओतायचं. मागायचं नाही, आणि हिसकायचं तर नाहीच नाही. आत्याला ती तिच्या आजीनं दिली होती.

मी नांदायला आले त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी रब्बीच्या पेरणीला सासूनं हिंगोलीच्या बाजारातून तुळशीची माळ आणली. रानात तिफणीला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, आत्या ओचा पसरून पुढं झाली. सासूनं बियाचं सूप उचललं आणि आपल्याच ओटीत रिकामं केलं.

"वन्स, वय झालं आता तुमचं," ती म्हणाली. "हात कापून राहिला. काहून जिवाला तकलीफ देता? ही माळ घ्या, दारात बसा, देवाचं नाव घ्या."

आत्याचा हात कापत नव्हता. मी शेजारीच उभी होते, मला दिसत होतं. सासऱ्यालाही दिसत होतं. तो वाकून बैलाच्या खुरातला काटा शोधायला लागला. खुरात काटा नव्हता. बाप्यांची ही खोड मी जन्मभर पाहिली. घरात बाईच्या मानेवर सुरी फिरत असली की ह्यांना कुठं तरी काटा सापडतो. त्यालाही मी माफ केलेलं नाही.

आत्यानं ओचा खाली सोडला, माळ घेतली आणि घरी आली. मी तिच्या मागं मागं आले. गोठ्यात एक तांबडी कालवड होती. आत्यानं ती माळ तिच्या गळ्यात बांधली.

"मूठ म्या दिली न्हाई," ती मला म्हणाली. "तिनं घेतली. तिच्या हातानं माझ्या ओटीत बी पडल्याबिगर मी मरत न्हाई. ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं. त्या घरात माझ्याशी माणसासारखं बोलणारी ती एकटीच होती, आणि सासूनं माझ्या पाठीवर उलथन्याचे डाग दिले होते. मला तर असं कुणी तरी पाहिजेच होतं.

त्या वर्षी रस्त्याकडच्या तुकड्यात सासूची पेरणी उगवली. काय सांगू. माणसाच्या डोक्यावर खरूज फिरावी तसं रान दिसत होतं. सेनगावच्या बाजाराला जाणारे लोक गाड्या थांबवून बघायचे. एक जण सासऱ्याला ओरडून म्हणाला, "पाटील, औंदा पेरणी चिमण्यांकडून केली काय?" सासरा हसला नाही. आत्या रोज संध्याकाळी बांधापर्यंत चालत जायची, कमरेवर हात ठेवून उभी राहायची, एकेक नांगी बघायची आणि परत यायची. रान चांगलं लांब होतं. वाटेत कुणी विचारलं, "आत्या, कुठं?" तर म्हणायची, "औषधाला."

ते खरंच औषध होतं. ज्या बायका तिच्या वयाच्या होत्या त्या एकेक करून खाटेला लागल्या. लेकी-सुनांनी त्यांना बसवून ठेवलं, हातातलं काम काढून घेतलं, मऊ भात भरवला आणि बघता बघता त्यांचं लोणी झालं. आत्याला बसवायची कुणाची छाती नव्हती. ती भाकर ताकात कुस्करून खायची, पण कमी, पोट मारून. म्हणायची, "जास्त खाऊन मेले तर तिचं फावंल." उन्हाळ्यात पाण्याचा हंडा स्वतः आणायची. दुपारी सगळे पडले की मूठभर ज्वारी घेऊन सुपावर बोटांच्या फटीतून सोडत बसायची, पुन्हा गोळा करायची, पुन्हा सोडायची. सासूला वाटायचं म्हातारीला चळ लागला. मला माहीत होतं ती हात शाबूत ठेवते आहे. हळूहळू मीही समोर बसून तसंच करायला लागले. माझी बोटं चुकली की ती मनगटावर चापट मारायची, आणि त्या चापटीचं मला वाईट वाटायचं नाही.

खोटं कशाला बोलू, चारपाच वर्षांनी सासूचा हात बसला. एका वर्षी असं झालं की रस्त्याकडचं रान सारखं उगवलं, तिन्ही ओळी सरळ, नांगी शोधून सापडेना. आत्या बांधावरून परत आली ती अंथरुणालाच खिळली. ताप नाही, खोकला नाही. वैद्य आला, नाडी बघितली, म्हणाला, वयाचं आहे. सासूनं तिच्या उशाशी पाणी ठेवलं आणि गोड आवाजात म्हणाली, "आता देव देव करा, वन्स." तो गोड आवाज ऐकून माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी मी आत्याच्या कानाशी बसले आणि सरळ थाप मारली. सासूला मी मामी म्हणायचे. म्हटलं, "आत्या, इहिरीपल्याडचं रान बघितलं का तुमी? तिकडं निस्त्या नांग्याच नांग्या हायेत. मामी कुणाला तिकडं जाऊ देईना."

तिनं डोळे उघडले. "व्हय का?" म्हणाली. घडीभरानं उठून बसली. संध्याकाळी माझ्या खांद्यावर हात ठेवून विहिरीपल्याड गेली. रान हिरवंगार, सारखं. तिनं माझ्याकडं पाहिलं, मला आईवरून शिवी दिली आणि हसली. परत येताना खांद्यावरचा हात काढला. त्या दिवसापासून मी आणि ती एका बाजूला होतो.

मग ते वाईट वर्ष आलं. अठ्ठेचाळीस साली उन्हाळ्यात गावोगाव निजामाच्या माणसांच्या धाडी पडायला लागल्या आणि आम्ही वऱ्हाडात, वाशीमकडं, सासूच्या माहेरी जायला निघालो. गाडीत जागा थोडी. नवरा म्हणाला आत्याला चालवणार नाही, तिला गाडीत घ्या. पण तेव्हा सासूचेच गुडघे सुजलेले, तिला पायरी उतरवत नव्हती. सासू गाडीत बसली आणि आत्या गाडीमागून चालत आली. सत्तरीच्या पुढची बाई. सासू गाडीच्या मागल्या बाजूला तोंड करून बसली होती, त्यामुळं तिला सगळी वाट आत्याकडंच बघावं लागलं. आत्यानं तिच्याकडं एकदाही पाहिलं नाही.

खरीप बुडाला. निजामशाही गेली आणि आम्ही दसऱ्याच्या सुमारास परत आलो तेव्हा घराचं एक दार नव्हतं, धान्याची कणगी फोडलेली होती. बैलांची एक जोडी उरली होती, आणि सासऱ्यानं वऱ्हाडातून उसनं आणलेलं थोडंसं बी. वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, उतरत चालला होता. आज पेरलं तर पेरलं, नाहीतर रब्बीही गेली असं ते रान होतं. बी एवढं थोडं की एकही मूठ चुकून चालणार नव्हतं.

तिफण उभी राहिली, पूजा झाली. सासूला काठी टेकत रानापर्यंत आणलं होतं, पण तिफणीमागं चालणं तिच्यानं होणार नव्हतं, ते तिलाही कळत होतं. तिनं बसल्या बसल्या सूप घेतलं आणि मला हाक मारली.

"ये, ओटी पसर. आजपून मूठ तुझी."

माझी बोटं तयार होती. इतकी वर्षं सुपावर घासून तयार केलेली. त्या घरात मला कुणी पहिल्यांदाच काही देत होतं. मी दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"ती तुमची न्हाई, मामी," मी म्हटलं. "तुमाला कुणी दिली व्हती? जिची हाय तिला द्या."

नवऱ्यानं माझ्यावर डोळे वटारले. सासरा बैलाच्या पायाशी वाकला, पण यावेळी सासूच त्याला म्हणाली, "काटा न्हाई तिथं, सरळ उभे ऱ्हावा." ऊन चढत होतं आणि मातीची ओल जात होती. मी हललेच नाही. आत्या तिफणीपाशी उभी होती, आधीपासूनच ओचा पसरून. बोलली काहीच नाही. मागायचं नसतं.

सासूनं काठी टाकली. गुडघ्यांवर हात दाबत उठली, दोन ढेकळं ओलांडून आत्यापुढं गेली आणि सूप तिच्या ओटीवर वाकडं केलं. थोडं बी बाहेर, मातीत सांडलं.

"सांभाळून, बाई," आत्या म्हणाली. "हात कापून राहिला तुझा."

मी जन्मात इतकं गोड काही ऐकलेलं नाही. कीर्तनं ऐकली, भजनं ऐकली, पोटच्या लेकराचं पहिलं रडणं ऐकलं. त्या वाक्याची सर कशालाच नाही. आत्यानं सांडलेलं बी वेचून घेतलं आणि तिफणीमागं चालायला लागली. दिवस मावळेपर्यंत ती चालली. शेवटच्या फेरीला ओटीत उरलेलं मूठभर बी तिनं माझ्या ओटीत ओतलं. घरी आल्यावर मी गोठ्यातल्या खुंटीवरची ती माळ काढली, कालवडीची मान मोठी झाल्यापासून ती तिथंच टांगलेली होती. धूळ झटकली आणि सासूच्या अंथरुणावर नेऊन ठेवली. सासूनं माळेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

रान असं उगवलं की लोक पुन्हा गाड्या थांबवून बघायला लागले. आत्या एकदाच बांधावर गेली. त्यानंतर गेलीच नाही. म्हणायची, बघायचं काय त्यात. आधी ती मुद्दाम कमी खायची, आता तिला भूकच नव्हती. दुपारी सुपावर बसणं बंद झालं. मी काहीबाही थापा मारल्या, पण सांगायला नांगी कुठं होती? ज्वारी पोटरीत आली, कणसं बाहेर पडायच्या बेतात होती, तेव्हा एका सकाळी ती उठली नाही.

तिला न्यायच्या आधी मी तिच्या ओटीत मूठभर ज्वारी घातली. जमलेल्या बायका कुजबुजल्या, विधवेची ओटी भरतात का कुठं. सासू भिंतीला टेकून बसली होती, हातात ती माळ. म्हणाली, "भरू द्या." मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "तिचं झालं. आता तू न् मी."

तिनं शब्द पाळला. माळ तिनं ओढली नाही, दाराच्या कडीला गुंडाळून ठेवली. गुडघ्यांना रोज एरंडाचं तेल चोळून ती उभी राहिली, काठी सोडली, आणि दर पेरणीनंतर संध्याकाळी बांधावर जाऊन माझ्या ओळींत नांग्या शोधायला लागली. सापडली की घरी येऊन चार घरांना ऐकू जाईल एवढ्यानं सांगायची. भाकरीपेक्षा मला जास्त पोसलं असेल तर तिच्या त्या ओरडण्यानं. म्हातारी इतकी जगली की माझेच केस पांढरे झाले.

ती गेल्यावर माझं काही खरं राहिलं नव्हतं. माझ्या सुना चांगल्या आहेत. गरम पाणी देतात, पाय चेपतात, उलटून बोलत नाहीत. पेरणी यंत्रानं होते. अशा घरात म्हातारं माणूस लवकर जातं, ते मी ओळखून होते आणि तयारीलाही लागले होते.

परवा मी ज्वारी पाखडत होते. धाकटी सून आली आणि तिनं माझ्या हातातलं सूप काढून घेतलं. "आई, राहू द्या," म्हणाली, "हात कापतो तुमचा. दारात बसा, मी माळ आणून देते."

मी हात पुढं धरून पाहिला. कापत नव्हता. संध्याकाळी मी चपला घातल्या आणि बांधापर्यंत चालत गेले.