लेकीचा ताबा

अंथुर्ण्याच्या जत्रेला नेतो आणि सोमवारी शाळेच्या आधी आणून सोडतो, असं सांगून माझा नवरा आमच्या मुलीला कऱ्हाटीहून घेऊन गेला. मी तेव्हा अंथुर्ण्याचं सासर सोडून कऱ्हाटीला माहेरी राहत होते. मुलगी सात वर्षांची. ती मोटारसायकलवर त्याच्या पुढं बसली, मला हात केला, आणि मी तिला म्हणाले, रात्री स्वेटर घाल. सोमवारी ती आली नाही. फोन लावला तर त्याचा फोन बंद. सासूबाईंचा वाजला, कुणी उचलला नाही. संध्याकाळपर्यंत मी अंगणात आणि रस्त्यावर अशा फेऱ्या मारत होते आणि आई मला सारखी आत बोलवत होती.

नवरा वाईट माणूस होता असं मी तेव्हा म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. कामाला वाघ, व्यसन कसलं नाही. पण त्याच्या डोक्यात संशय बसला होता. माझा फोन तपासायचा, माहेरी काय बोललीस ते विचारायचा, आणि दोनदा त्यानं मुलीसमोर माझ्यावर हात उचलला. दुसऱ्या वेळी मुलगी कपाटामागच्या कोपऱ्यात जाऊन बसली आणि बोलावूनही बाहेर येईना. त्यानंतर मी तिला घेऊन कऱ्हाटीला आले. गावातल्या दूध संकलन केंद्रावर कॉम्प्युटरवर बसायचं काम मिळालं. तिला शाळेत घातलं. बस्तान बसतंय असं वाटत होतं, तेवढ्यात ही जत्रा आली.

पोलीस चौकीत गेलो तर तिथले हवालदार शांतपणे म्हणाले, "बापानं नेलीय ना? मग पळवली कशी म्हणायची? ताब्याचं कोर्टात बघा."

ताबा हा शब्द मी तोवर जमिनीच्या बाबतीतच ऐकला होता.

त्यानं तिला अंथुर्ण्याच्याच शाळेत घातल्याचं कळलं, तेव्हा माझा मोठा भाऊ म्हणाला, "दोन गाड्या काढतो. शाळा सुटायच्या टायमाला उभं राहू आन पोरीला घिऊन येऊ. कोण काय करतंय बघू."

मी तयार होते. खरं सांगायचं तर मी मनात त्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभीही राहिले होते. पण केंद्रावर दूध घालायला येणाऱ्या एका मावशींनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या लेकीचं असंच प्रकरण बारामतीच्या एका वकीलबाईंनी चालवलं होतं. "आधी त्यास्नी इचार," त्या म्हणाल्या, "मग काय करायचं ते करा."

वकीलबाईंचं ऑफिस कोर्टाजवळ, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर होतं. पन्नाशीच्या बाई, केस पांढरे झालेले, आवाज बारीक. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही टोकलं नाही. मग विचारलं, "दारू पितो का?"

मी बोलायच्या आत दादा म्हणाला, "लिवा, पितो म्हणून."

"मी यांना विचारलं."

"न्हाई पीत," मी म्हणाले.

"मग लिहायचं नाही. उलटतपासणीत एक खोटं सापडलं की तुमच्या खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही."

दादानं गाड्यांचं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "आज तुम्ही उचलून आणाल, परवा ते उचलून नेतील. फाटकात पोरीचा एक हात तुमच्याकडं, एक त्यांच्याकडं. तुमची भाची आहे ती. आणि कोर्टात मी काय सांगू, की या घरात पोरगी सुरक्षित राहील म्हणून?"

दादानं हातातली गाडीची किल्ली खिशात घातली.

"मला मिळंल का ती?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "पाच वर्षांच्या आतलं मूल असलं की साधारण आईकडं देतात. तुमची सात वर्षांची आहे. आई मोठी की बाप मोठा हे कोर्ट बघत नाही, मुलीचं भलं कुठं होईल ते बघतं. ते आपण दाखवायचं. खात्री मी देत नाही, कुणालाच देत नाही."

मी धीर घ्यायला गेले होते आणि आणखी भीती घेऊन जिना उतरले. तरी त्या बाईंनी विचारलेले प्रश्न डोक्यातून जाईनात. ती किती वाजता उठते, वेणी कोण घालतं, आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेतं, मी पहाटे दूध केंद्रावर असते तेव्हा तिच्याजवळ कोण असतं. "हे समोरचे वकील विचारणार," त्या म्हणाल्या होत्या. "घरी जाऊन आईशी बोल, नीट ठरव. मला पाठ केलेलं नको, रोज होतं ते सांग."

त्यांनी मुलीच्या ताब्यासाठी अर्ज केला. निकाल लागेपर्यंत मला तिला भेटू द्यावं आणि कोर्टाला विचारल्याशिवाय तिला जिल्ह्याबाहेर नेऊ नये, असंही त्यात मागितलं, कारण नवऱ्याचा एक भाऊ सुरतेला होता आणि मला रात्रंदिवस तीच धास्ती होती. मुलीच्या पोटगीचाही अर्ज दिला. त्याला आमच्या घरचे नको म्हणत होते, उगाच सासरचे चिडतील म्हणून. बाई म्हणाल्या, "पोटगी तुला मिळत नाहीय, मुलीला मिळतेय. तिची शाळा, दवाखाना, कपडे. बाप आहे तो, त्याचाही वाटा आहे. आपण घाबरलो म्हणून तिचा हक्क कसा सोडायचा?"

भेटीचा हुकूम झाला. कोर्टातल्याच एका खोलीत, तिथल्या कर्मचारी बाईंसमोर, ठरलेल्या शनिवारी. सासूबाई तिला घेऊन आल्या. तिचे केस कापले होते. ती आजीच्या पदराआड उभी राहिली आणि माझ्याकडं अनोळखी बाईकडं बघावं तशी बघत राहिली. मी शेंगदाण्याचे लाडू नेले होते. तिनं एक घेतला, अर्धा खाल्ला आणि अर्धा फ्रॉकच्या खिशात ठेवला.

"तू मला सोडून गेलीस?" तिनं विचारलं.

वकीलबाईंनी आधीच बजावलं होतं, ती काहीही बोलली तरी बापाबद्दल वाईट शब्द काढायचा नाही. "न्हाई गं," मी म्हणाले, "तुला भेटायलाच आलेय. परत येणार हाय." मग आम्ही चित्र काढलं. वेळ संपली तशी ती उठून गेली, मागं वळून बघितलं नाही. तिला माझ्यावाचून सवय होतेय, हे मला त्या दारात कळलं, आणि त्यानंतर जी भीती बसली तिच्यापुढं आधीची भीती काहीच नव्हती.

पुढच्या भेटींत ती थोडी मोकळी झाली. एकदा तर माझ्या मांडीवर डोकं टेकून बसली. अशात नवऱ्याचे चुलते कऱ्हाटीला आमच्या घरी आले. त्यांना सगळे तात्या म्हणतात. चहा घेऊन झाल्यावर म्हणाले, "सूनबाई, कोर्टकचेरीत काय हाय? तुमी पोटगीचा अर्ज माघारी घ्या. आमी पोरगी आणून सोडतो. व्हय म्हणा, इषय संपला."

मला व्हय म्हणावंसं वाटलं. तिथल्या तिथं. आईनंही माझ्याकडं तसंच बघितलं. मी उद्या सांगते म्हणाले आणि आत जाऊन वकीलबाईंना फोन केला.

"आणून सोडतील, आणि पुढच्या जत्रेला परत नेतील," त्या म्हणाल्या. "तेव्हा तुझ्या हातात काय असेल? तडजोड करायची तर माझी ना नाही. जे ठरेल ते कोर्टासमोर ठरू दे. आणि पोटगीच्या बदल्यात पोरगी, हे बोलणं ऐकून सुद्धा घ्यायचं नाही."

मी तात्यांना नकार कळवला. पुढच्या आठवड्यात अंथुर्ण्याच्या शाळेतल्या बाईंचा फोन आला. माझ्याच सांगण्यावरून त्या अधूनमधून खुशाली कळवायच्या. म्हणाल्या, मुलगी सोमवारपासून शाळेत आलेली नाही आणि घरून काही निरोपही नाही.

मी नाही म्हणाले म्हणून त्यांनी तिला सुरतेला पाठवलं, दुसरं काही मला सुचेना. नवऱ्याचा फोन लागत होता आणि उचलला जात नव्हता. हातातलं काम टाकून मी एसटीनं बारामती गाठली. वकीलबाई कोर्टात होत्या. मी व्हरांड्यात उभी राहिले, आणि त्या बाहेर आल्या तेव्हा मला नीट बोलताही येईना. त्यांनी मला खाली बसवलं, पाणी दिलं आणि समोरच्या वकिलांना फोन लावला. बोलणं लांबत गेलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते आणि चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं.

"कुठं गेली नाही," फोन ठेवून त्या म्हणाल्या. "कांजिण्या आल्यात. घरीच आहे."

सुटल्यासारखं वाटलं, पण क्षणभरच. ती आजारी, आणि मी इथं. "मला बघायचीय तिला," मी म्हणाले.

"थांब. तशीच जाऊन दारात भांडण नको." त्यांनी पुन्हा त्या वकिलांना फोन केला. दोघांनी आपापसात बोलून ठरवलं की मी दुसऱ्या दिवशी दुपारी जायचं, आईला सोबत न्यायचं, भावाला नाही.

ज्या घरातून मी निघून आले होते त्याच घराच्या दारात मी चप्पल काढली. सासरे ओट्यावर बसले होते. "या," एवढंच म्हणाले. नवरा आतल्या दाराशी उभा होता. तो बाजूला झाला. मुलगी खाटेवर, अंगभर फोड, तोंड सुकलेलं. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "मम्मी, खाजतंय."

मी तिच्या अंगाला डॉक्टरांनी दिलेलं गुलाबी औषध लावलं, नखं कापली, मऊ भात भरवला. सासूबाई वाटी आणून ठेवायच्या आणि बाहेर जायच्या. कुणी वाकडं बोललं नाही. आता कुणीतरी ऊठ म्हणेल या धास्तीनं मी प्रत्येक पावलाच्या आवाजाला दचकत होते. ती झोपली तसे आबा, म्हणजे माझे सासरे, आत आले. "ताप चढला की तुझंच नाव घेती," ते म्हणाले. "उद्या बी ये."

ती बरी होईपर्यंत मी रोज गेले. नवरा माझ्याशी बोलला नाही, पण एका दुपारी पाऊस लागला तर आम्हाला फाट्यापर्यंत सोडायला त्यानं शेजाऱ्याची जीप मागून आणली.

त्यानंतर न्यायाधीशांनी मुलीला एकटीला आत बोलावलं. आम्ही बाहेर. मी बाकाच्या या टोकाला, नवरा त्या टोकाला, मधे कुणी नाही. आत ती काय सांगेल? केस कापलेले, कपाटामागचा तो दिवस, पप्पांची मोटारसायकल, माझे लाडू, तिच्या डोक्यात काय काय असेल? नवरा समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाला, "ती न्हाय म्हणली तर मी काय करू?"

तो मला विचारत होता की स्वतःशीच बोलत होता, कळलं नाही. पण माझ्या मनात तोच प्रश्न होता, त्याच शब्दांत. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्याच्याकडं नीट बघितलं. तोही वाळला होता.

"आपण तिला न्हाय म्हणायची पाळी आणायला नको व्हती," मी म्हणाले.

ती बाहेर आली आणि पाणी मागितलं. वकीलबाईंनी आम्हा दोघांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आत काय बोलली ते कुणी विचारायचं नाही. आज नाही आणि कधीच नाही." मी विचारलेलं नाही.

मग दोन्ही वकील आम्हाला घेऊन बसले. शाळेसाठी मुलगी माझ्याकडं कऱ्हाटीला राहील, एकाआड एक शनिवारी बाप नेईल आणि रविवारी संध्याकाळी सोडेल, सुट्ट्या निम्म्या निम्म्या, पोटगी दर महिन्याला बँकेत, असं ठरलं. वकीलबाईंनी एकेक वाक्य आम्हाला वाचून दाखवलं आणि प्रत्येक वाक्यानंतर दोघांनाही विचारलं, समजलं का. न्यायाधीशांनी तसा हुकूम केला.

पहिल्या शनिवारी तिला पाठवताना मी वकीलबाईंना फोन केला. "न्हाई आणली तर?"

"आता कोर्टाचा हुकूम आहे. नाही आणली तर सोमवारी मी कोर्टात उभी आहे. तू तिच्यासमोर तोंड पाडू नकोस, ती तुझ्याकडं बघून घाबरते."

रविवारी अंधार पडला तरी मोटारसायकल आली नाही. मी कऱ्हाटीच्या फाट्यावर उभी. येणारा प्रत्येक दिवा पुढं निघून जात होता. शेवटी एक दिवा थांबला. मुलगी पुढं बसून त्याच्या छातीवर डोकं टाकून झोपली होती. "सणसरपाशी उसाचा ट्रॅक्टर पलटी झाला व्हता," तो म्हणाला, "रस्ताच बंद." तिला त्यानं माझ्या खांद्यावर दिलं, दप्तर दिलं आणि गाडी वळवली.

आता ती चौथीत आहे. त्यानं तिला प्रत्येक वेळी आणून सोडलंय. पोटगी कधी मागंपुढं झाली तर वकीलबाईंचा एक फोन जातो आणि जमा होते. तरी रविवारी ऊन उतरलं की माझं लक्ष रस्त्याकडं लागतं. परवा निघताना मुलगी म्हणाली, "मम्मी, तू रस्त्यावर येऊन उभी नको राहू. आजीजवळ बस." मी बरं म्हणाले. रविवारी संध्याकाळी फाट्यावर जाऊन उभी राहिले.