जेट्टीवरचे पाणी

पाच महिन्यांपूर्वी एका मंगळवारी माझे पती वारले.

खाडीचे पाणी तपासणे हे त्यांचे काम होते. दर महिन्याला ते जेट्टीवर बाटली भरत, आणि चिखलात तिसऱ्यांचे शिंपले वेचणाऱ्या हिराबाई हसत, "साहेब, गंगाजल नेता काय?" त्यांच्या जागी कोणाला नेमले नाही. तेव्हापासून दर महिन्याची बाटली हिराबाईच भरून माझ्याकडे आणतात.

आजही आल्या. "ताई, सून पोटुशी आहे. तिला तिसऱ्या देऊ का नको, तेवढं बघून सांगा."

मी बाटली उजेडात धरली. पाणी नितळ होते. ह्यांच्याकडून एवढेच शिकले, की पाण्यात मिसळलेले विष डोळ्यांना दिसत नाही, आणि नमुना बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. हिराबाईंना हे सांगायला मला अजून जमलेले नाही. भरती दिवसातून दोनदा येते आणि जे असेल ते आणते. शिंपल्यातल्या जिवाला तेच पाणी गाळून जगावे लागते. त्याला तोंड मिटून किती वेळ राहता येणार?

"तिला नका देऊ," मी म्हणाले.

"मग आम्ही काय खायचं?"

मी बाटली खिडकीत ठेवली. तिथे आता पाच बाटल्या आहेत.