लिमासोलला न उतरलेली हॅना

हॅना आपटेकर माझ्या समोरच्या दारात राहते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, कडक इस्त्रीची साडी नेसणारी, आणि स्पष्ट बोलण्यात साऱ्या पनवेलमध्ये कुणाला हार न जाणारी. तिची धाकटी बहीण आदिना लग्न होऊन इस्रायलला गेली, त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली. दोघी आपटा गावात वाढलेल्या, एका ताटात जेवलेल्या. आई गेली तेव्हा आदिनाला येता आलं नाही, आदिनाचा नवरा गेला तेव्हा हॅनाला जाता आलं नाही.

म्हणून जोएल, हॅनाचा एकुलता एक मुलगा, जेव्हा म्हणाला, "आई, आमच्या ऑफिसचा ग्रुप युरोपच्या क्रूझला निघालाय, तूही चल. बोट सायप्रसला लिमासोल बंदरात दिवसभर थांबते. मावशीला तिथं बोलाव, तिला विमानाने तासाभरावर आहे," तेव्हा ही बाई माझ्यासमोर ढसाढसा रडली. आदिनाला चिकाचा हलवा हवा होता. गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध घोटून घोटून माझेही हात भरून आले.

बोटीचं ती मोठं रंगवून सांगते. रोज संध्याकाळी खोलीत टॉवेलचा हत्ती नाहीतर माकड करून ठेवलेलं. सकाळपासून रात्रीपर्यंत जेवणं चालू, आणि लोक ताटात इतकं टाकतात की तिला रोज उठून ओरडावंसं वाटायचं. समुद्र मात्र शांत, निळा, बघत बसावा असा. इंटरनेट महाग म्हणून ते फक्त जोएलच्या फोनवर घेतलेलं. आदिनाशी बोलायचं तर त्याच्याकडे फोन मागायचा.

लिमासोल आलं त्या पहाटे नातवाला, पाच वर्षांच्या हायमला, उलट्या सुरू झाल्या. बोटीच्या डॉक्टरला कळवलं असतं तर साथ पसरेल म्हणून सगळ्या कुटुंबाला खोलीतच बसवलं असतं. जोएल म्हणाला, "आई, कुणाला बोलू नकोस. आम्ही ऑफिसच्या ग्रुपबरोबर जरा फिरून बारापर्यंत येतो. मग तू जा. मावशीला मी सांगतो थांबायला."

हॅनाने रेशमी साडी नेसली, हलव्याचा डबा पिशवीत घातला आणि पोराच्या तोंडापुढे भांडं धरून बसली. पोर झोपलं की बाल्कनीत जायची. खाली धक्क्यावर एखादी म्हातारी दिसली की कठड्यावरून वाकायची. बारा वाजून गेले. दुपार गेली. जोएल आणि सून आले ते बोटीची शिडी काढायच्या बेताला, हातात खरेदीच्या पिशव्या.

"बस उशिरा सुटली गं," जोएल म्हणाला.

हॅनाने त्याच्या हातातून फोन ओढून घेतला आणि बहिणीला लावला.

"आता कशाला फोन केलास?" आदिना म्हणाली. "सकाळीच जोएलचा मेसेज आला. आई दमलीये, उतरायचं नाही म्हणते, तुम्ही उन्हात येऊ नका. एवढी दमलीस, हॅना? मी इतक्या लांबून आले, हॉटेलात तयार होऊन बसले होते, आणि तुला बंदरापर्यंत चालवेना?"

सकाळीच. म्हणजे तो बारापर्यंत यायचाच नव्हता, सहल दिवसभराचीच होती. जोएल पलंगाच्या कडेला एक बूट काढून बसला होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. त्याने आईकडे बघून हळूच मान हलवली, सांगू नकोस अशी.

"हो गं," हॅना म्हणाली. "अंगात त्राणच नव्हतं."

पलीकडून फोन बंद झाला. मावशी ताटकळू नये म्हणूनच कळवलं, असं जोएल नंतर म्हणाला म्हणे. वर त्याच संध्याकाळी तो हलव्याचा डबा त्याने ग्रुपमध्ये फिरवला, आईच्या हातचा म्हणून!

आदिना आता हिचा फोन उचलत नाही. हे सगळं ऐकून माझा तिळपापड झाला. तो पोरगा समोर असता तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती. मी म्हटलं, "अगं, खरं काय ते तिला एकदा कळव. नाहीतर नंबर दे, मी कळवते."

 हॅना म्हणाली, "खरं सांगितलं, दमयंती, तर तिला कळेल माझा मुलगा असा आहे. नाही सांगितलं तर तिला वाटेल, मीच अशी आहे. मग मीच असू दे."