सुपारी फोडून ठरलेलं पिल्लू

पावतीशिवाय या जगात काहीच खरं नसतं, असं माझ्या आत्याच्या यजमानांचं ठाम मत आहे, आणि संतपुरातला एकही दुकानदार या मतातून सुटलेला नाही. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामा चहाचीही पावती मागतात. एकदा न्हाव्याने वैतागून वहीच्या कागदावर 'डोक्याचे केस, पूर्ण' असं लिहून सही ठोकून दिली, तर मामांनी तो कागद आनंदाने फायलीला लावला. सोयाबीन उगवलं नाही तेव्हा घमेलंभर माती बियाण्याच्या दुकानात नेऊन ओतली आणि मालकाला म्हणाले, हुडक आता ह्यात बी. "आमच्या लग्नात माझ्या बापाकडून तेवढी पावती घ्यायची ऱ्हायली," असं आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

असा माणूस कुत्र्याच्या पिल्लात फसला. एकुलती लेक वर्षापूर्वी लग्न होऊन हैदराबादला गेली आणि घर गप्प झालं. आत्याला करमत नाही, तिला सोबत पाहिजे, असं म्हणून मामांनी कारवानी जातीचं पिल्लू आणायचं ठरवलं. ठाणाकुशनूरला एका माणसाच्या मेंढ्या कधीच विकल्या गेल्या होत्या, पण कुत्री राहिली होती. आता तो माणूस पिल्लं विकायचा. मामांनी एक मादी पसंत करून विसार दिला. आत्याने पिल्लांच्या आईला हळदकुंकू लावलं, तेव्हा त्या माणसालाही हुरूप आला आणि त्याने सुपारी फोडली. पावतीचं मी विचारलं तर मामा माझ्यावरच घसरले. "सुपारी फुटली की सोयरीक झाली. सोयऱ्याला पावती मागतेत व्हय?"

पिल्लू आणायच्या आदल्या दिवशी त्या सोयऱ्याचा फोन आला. जमत नाही म्हणाला, विसार परत घ्या म्हणाला, कारण काही सांगेना. मामांनी बीदरला ग्राहक आयोगाचं कार्यालय गाठलं. तिथल्या कारकुनाने पावती मागितली आणि मामांच्या फायलीत नेमकी तीच नव्हती. मग त्यांनी सुपारीची सगळी हकीगत मराठी, कन्नड आणि दखनीत मिळून सांगितली. कारकून भला माणूस. त्याने हसू आवरत मामांचा मोबाईल मागून घेतला, त्यात 'पिल्लू तुमचंच, अण्णा' हा निरोप सापडला. हाही पुरावाच आहे, विकणारा फिरला तर विसार परत मिळतो आणि त्रासाची भरपाईही मागता येते, पण आधी लेखी नोटीस द्या, असं त्याने समजावलं. मामांनी चार पानी नोटीस लिहिली. 'झालेले नुकसान' यापुढे एवढंच होतं: मंडळीने पिल्लासाठी गोधडी शिवली, ती तशीच पडून आहे.

टपालावर मामांचा भरवसा नाही. नोटीस घेऊन ते स्वतः ठाणाकुशनूरला निघाले, आत्याला आणि साक्षीदार म्हणून मलाही नेलं. शेडमध्ये कुत्री पडली होती. पुढ्यातल्या दूधभाकरीला मुंग्या लागल्या होत्या, आणि ते एकच पिल्लू तिच्या पोटाशी होतं.

"चार पिल्लं इकली तवापासून खाईना झालीय," तो माणूस म्हणाला. "ह्याला उचललं की दाव्याला हिसके मारायलीय. विसार दुप्पट घ्या अण्णा, पण हे ऱ्हाऊ द्या."

"मग फोनवर कामून सांगितलं न्हाईस?" मामांनी विचारलं.

"कुत्रीपायी सौदा मोडला म्हणलं तर हसला असता तुम्ही."

मामांनी कायदा सांगायला तोंड उघडलं, पण आत्या केव्हाच कुत्रीजवळ बसली होती. तिच्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणाली, "चला. एक तरी ऱ्हाऊ द्या तिच्यापाशी."

मामांनी नोटिशीची घडी करून खिशात घातली. दिलेला विसार तेवढा परत घेतला, वरचा एक रुपयाही घेतला नाही.

परतीच्या बसमध्ये त्यांनी लेकीला फोन लावला. दोन दिवस येऊन जा म्हणाले. काम काही न्हाई, पण तुझी आई जेवंना झालीय.

आत्या शेजारीच बसली होती. ती खिडकीबाहेर बघत राहिली. ती दोन्ही वेळा नीट जेवते, हे मला ठाऊक आहे. वर्षभर ताट अर्धं सोडून उठत होते ते मामाच.