पंजा घट्ट करा

आखातात आम्ही राहायचो त्या सलव्यातल्या मॉलमध्ये खेळणी उचलायचं एक यंत्र होतं. नाणं टाकायचं, दांडा हलवायचा, की वरून पंजा उतरून अस्वल धरायचा आणि अर्ध्या वाटेत सोडून द्यायचा. जुगाराला बंदी असलेल्या देशात हा मुलांचा खेळ म्हणून राजरोस चालायचा. आणि आमच्याकडे तो खेळायचा कोण? माझा नवरा. रिफायनरीतला इंजिनीअर.

त्याला सुट्टी एकच, शुक्रवारची. लेकीला त्या दिवशी बाबाबरोबर समुद्रावर सायकल चालवायची असायची. ‘आधी मॉल, मग समुद्र,’ असं तो म्हणायचा आणि समुद्र काही यायचा नाही. ती बिचारी यंत्रापाशी ताटकळत उभी. मला भयंकर संताप यायचा.

नवरा एकटा नव्हता. पुण्या-नाशिकचे त्याचे सगळे हुशार मित्र त्याच नादाला लागलेले. शुक्रवारी सकाळी आमच्याकडे पोहे खात यावर चर्चा झडायच्या. यंत्रात सुधारणा हवी, यावर एकमत होतं. सुधारणा म्हणजे काय, तर पंजा घट्ट करा! पंजा मुद्दाम सैल ठेवलाय, हा ग्राहकांवर अन्याय आहे, असं ही शहाणी माणसं गंभीर चेहऱ्याने बोलायची. अख्खा प्रकल्प चालवणारी डोकी, आणि अक्कल गहाण टाकलेली.

खालच्या मजल्यावरचे रत्नागिरीचे मुसलमान दुकानदार एकदा चहाला आले होते. ते म्हणाले, “साहेब, सुधारताय कसलं? काढून टाकायला सांगा की ते.”

“तुम्ही लगेच धर्म आणता,” नवरा म्हणाला. त्यांनी धर्माचं नावही काढलं नव्हतं. बाकीचे हसले. मला त्या हसणाऱ्यांची शिसारी आली.

शेवटी हे शिष्टमंडळ मॅनेजरला भेटलं. त्याने कटकट नको म्हणून खरंच पंजा घट्ट केला.

त्याच संध्याकाळी नवऱ्याला अस्वल मिळालं. त्याने ते लेकीच्या हातात कोंबलं.

“नाऊ कॅन वी गो टु द सी?” तिने विचारलं.

“थांब गं, आत्ता कुठे लागायला लागलंय,” म्हणत त्याने पुढचं नाणं टाकलं.

पुढच्या शुक्रवारी त्याने दारातून हाक मारली, तेव्हा ती आतूनच म्हणाली, “यू गो, बाबा.”

आणि तो गेला.