डेटाबेस : लागू नाही

आमच्या वर्कशॉपची वेबसाइट मी स्वतःच्या हातांनी, यादी समोर ठेवून, क्रमाक्रमाने पुसून टाकली.

कुणी हॅक केली नाही, व्हायरस आला नाही. बारा कामांची यादी होती, बाराही कामांपुढे बरोबरची खूण झाली आणि शेवटच्या खुणेनंतर वेबसाइट उरली नाही. (खुणा मात्र अतिशय सुबक होत्या.)

तळवड्याला आमचं छोटं वर्कशॉप आहे. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, ते सुरू केलं. आता नवरा विलास मशीन बघतो आणि मी बाकी सगळं. गाड्यांना लागणारे बुश, कॉलर, वॉशर असे एकशे चाळीस पार्ट आम्ही बनवतो. चाकणची एक मोठी कंपनी आम्हाला थेट पुरवठादार म्हणून घेणार होती. त्यासाठी मंगळवारी ऑडिट होतं आणि त्यात एक अट होती : प्रत्येक पार्टची माहिती वेबसाइटवर हवी.

ती होती! आबांनी तीन महिने दर रविवारी बसून एकेका पार्टची माहिती सांगितली. मी ती थेट वेबसाइटमध्ये टाइप केली. वेबसाइट उभी केली होती रुखसानाने. ती पिंपळे सौदागरला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते आणि माणला एका आयटी कंपनीत आहे. तक्रार एकच, की पान उघडेपर्यंत चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा.

"ताई, दुसऱ्या सर्व्हरवर हलवू या," रुखसाना म्हणाली. "पुढच्या शनिवारी मी करून देते."

पुढचा शनिवार? ऑडिट मंगळवारी!

"तू नुसती कामं सांग. मी यादी करते."

तिने फोनवर सांगितली, मी लिहून घेतली. नववं काम होतं, डेटाबेसचा बॅकअप.

"हे काय असतं?"

"फोटो फोल्डरमध्ये असतात ताई, पण मजकूर डेटाबेसमध्ये असतो. दोन्ही वेगवेगळं उचलायचं."

"एका घरचं सामान दोन ठिकाणी कशाला? प्रत्येक पानाची एक फाइल करून फोल्डरमध्येच ठेवायची की!"

"ठेवता येतं. तशाही वेबसाइट असतात. पण एकशे चाळीसमधून दहा मिलिमीटरचेच पार्ट शोधायचे, तर डेटाबेस बरा."

मला काही ते पटलं नाही. माझ्याकडे जिरं ज्या डब्यात, 'जिरं' लिहिलेली चिठ्ठीही त्याच डब्यावर असते. तरी लिहून घेतलं.

रविवारी सकाळी कामाला लागले. फोल्डर उतरवला, खूण. फोटो मोजले, खूण. नऊवर आले. फोल्डर वरपासून खालपर्यंत धुंडाळला, पण डेटाबेस नावाची वस्तू त्यात नव्हती. आता, ज्या घरात वर्षानुवर्षं ऑडिटचे फॉर्म भरले जातात, तिथे एक गोष्ट रक्तात भिनलेली असते : रकाना रिकामा सोडायचा नाही. जे नाही, त्यापुढे 'लागू नाही' लिहायचं आणि शेजारी कारण द्यायचं. मी लिहिलं, "लागू नाही. कारण : फोल्डरमध्ये शोधला, सापडला नाही." आणि खूण केली.

दहा, फोल्डर नव्या सर्व्हरवर चढवणे. अकरा, नवी वेबसाइट सुरू करणे. बारा, जुना सर्व्हर बंद करणे. 'सर्व माहिती कायमची पुसायची का?' हो. 'नक्की?' अहो, एकदा हो म्हटलं ना! (वेबसाइट उघडून बघणे हे काम यादीत नव्हतं. यादीत नसलेलं काम मी करत नाही.)

सोमवारी सकाळी विलासने वर्कशॉपमधून फोन केला.

"सुनीता, आपल्या वेबसाइटवर 'नमस्कार! हा तुमचा पहिला लेख आहे' असं का आलंय?"

"आणि पार्ट?"

"पार्ट नाहीत. नमस्कार आहे."

मी रुखसानाला फोन लावला.

"ताई, नववं काम केलं होतं ना?"

"लागू नाही लिहिलंय."

"लागू नाही?"

"अगं, फोल्डरमध्ये नव्हताच तो!"

"ताई, तो फोल्डरमध्ये नसतोच! तेच तर सांगत होते! आता नवी वेबसाइट कोरीच सुरू झालीय."

जुन्या सर्व्हरवाल्यांच्या मदतकक्षातला माणूस फार नम्र होता. "मॅडम, तुम्ही दोन वेळा हो दाबलंय," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. आबा सांगताना समोर ठेवायचे, ते कच्चे कागद? ते मी माहिती टाइप झाल्याबरोबर रद्दीत दिले होते. (ती वेगळी यादी. तीही पूर्ण झाली होती.)

हातात उरले एकशे चाळीस फोटो. फाइलींची नावं म्हणजे कॅमेऱ्याने दिलेले आकडे. आबांना लॅपटॉपसमोर बसवलं.

"आबा, हा कोणता?"

"बुश हाय."

"आणि हा?"

"ह्योबी बुशच."

"आबा, हा तर वेगळा दिसतोय."

"व्हय, उलट्या बाजूनं काढलाय. पोरी, पार्ट हातात दे, डोळं झाकून सांगतो. फोटूत काय वजन कळतंय?"

पार्ट हातात देणार कुठून? ऑर्डर आली की ते बनतात आणि त्याच आठवड्यात निघून जातात. विलास मदतीला आला, तेव्हा तर बापलेकांत एका कॉलरवरून भांडण जुंपलं. आबांच्या मते तो वॉशर होता. संध्याकाळपर्यंत अकरा पार्टची नावं ठरली, त्यातली चार दोघांना मान्य होती. पुन्हा सगळं लिहायला तीन महिने आणि हातात एक रात्र. शेवटी मी लॅपटॉप मिटला आणि रडू आलं. आबा म्हणाले, "न्हाई, रडू नगंस. म्या पुन्यांदा सांगीन." त्याने जास्तच आलं.

मंगळवारी ऑडिटर आले. वेबसाइट बघितली. वेबसाइटने त्यांना नमस्कार केला.

"माहिती कुठे आहे मॅडम?"

मी यादी पुढे केली. ते वाचत गेले, मान डोलावत गेले. नऊवर थांबले. कारण वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"इतकं प्रामाणिक कारण मी आजवर वाचलेलं नाही," ते म्हणाले आणि मंजुरी तीन महिने पुढे ढकलून गेले. जाताना एक अहवाल मागितला : चूक का झाली, हे पाच वेळा 'का?' विचारून मूळ कारणापर्यंत पोचायचं.

तो विलासने लिहिला. पाचव्या 'का?'समोर, मूळ कारण या रकान्यात, माझं पूर्ण नाव आहे. वाक्यसुद्धा नाही, नुसतं नाव. जबाबदार व्यक्ती : मीच. पडताळणी करणार : तीही मीच. मी सही केली, तारीख घातली.

एकशे चाळीस पार्टची माहिती आबा दर रविवारी पुन्हा सांगतायत. आत्ताशी तेविसाव्यावर आलोय. तो अहवाल मात्र अजिबात हरवणार नाही. फोल्डरमध्ये आहे, डेटाबेसमध्ये आहे आणि विलासने फ्रेम करून वर्कशॉपच्या भिंतीवरही लावलाय!