किटलीतला फोन

रविवार, २३ नोव्हेंबर २०२५, सकाळी सव्वाआठ. या वेळी मुलाची गाडी दारात थांबली आणि प्रकरण सुरू झाले. तो पुण्याहून पहाटेच निघाला होता. आदल्या दुपारपासून माझा फोन बंद लागत होता, एवढेच कारण.

गाडीतून उतरल्यावर त्याने तब्येत विचारली नाही. फोन मागितला. मी दिला. त्याने तो उलटापालटा करून पाहिला आणि पायरीवर ठेवला.

मी कोल्हापूर शहराच्या कडेला राहतो. घरामागे पत्र्याचा गोठा आहे, गोठ्यात एक म्हैस आहे. पत्नी गेल्यापासून घरात दुसरे कोणी नाही. म्हैस आहे म्हणून मी पहाटे उठतो, डेअरीला दूध घालतो, वैरण आणतो. म्हैस गेली तर मला येथे राहण्याचे कारण सांगता येणार नाही, हे मुलाला ठाऊक होते. म्हणून त्याने तिथेच हात घातला.

"आबा, दुपारनंतर हुपरीचे पावणे येतायत. म्हैस बघायला. मी बोललोय त्यांच्याशी."

"मला विचारलंस?"

"विचारायलाच फोन लावत होतो की कालपासून."

त्या महिन्यात फोन असा पुन्हा पुन्हा बंद पडला होता. एकदा तर त्याने शेजारणीला पाठवले होते, मी जिवंत आहे की नाही ते पाहायला. ती आली तेव्हा मी शेण काढत होतो. "जित्तं हायत. शेण काढाय लागल्यात," असे तिने माझ्यादेखत त्याला कळवले आणि मला म्हणाली, "पोराच्या जिवाला घोर लावू नका वो."

"फोन दिवसभर चालला तर?" मी विचारले.

"बॅटरी गेलीय त्याची. नवा घेऊन देतो, पण तुमच्या हातात तोही असाच संपणार. उद्या गोठ्यात घसरून पडलात तर आम्हाला कळणार कसं? म्हैस द्या आणि चला पुण्याला."

"मी इचारलं ते सांग. चालला तर?"

"चालला तर बघू."

"बघू न्हाय. चालला तर पावणं माघारी."

त्याने मान हलवली. ती मी कबुली धरली.

मी सूतगिरणीत पाळीप्रमुख होतो. यंत्र बंद पडले की यंत्राला शिव्या घालणारे पुष्कळ असत. ते कोठे आणि काय चालू असताना बंद पडते हे आधी पाहावे, अशी माझी सवय. दिवाळीत मी मुलीकडे जयसिंगपूरला राहिलो होतो. तिथे हाच फोन आणि हीच बॅटरी झोपण्याच्या वेळेपर्यंत पुरत होती, तीही नातवंडांनी त्यावर खेळ खेळून. एकच बॅटरी तिकडे चांगली आणि इकडे वाईट असू शकत नाही. हे मी मुलाला सांगितले. तो यंत्रांच्याच धंद्यातला असल्याने त्याला ते खोडता आले नाही.

फोन पूर्ण चार्ज केला. मग आम्ही दोघे घराच्या पुढच्या सोप्यात बसलो आणि त्याने सेटिंग्ज उघडली. बॅटरी कशात खर्च झाली याचा हिशेब फोन स्वतः ठेवतो, हे मला तेव्हा कळले. सर्वांत वर 'मोबाईल नेटवर्क' होते. आदल्या दिवशी मी एकदाच बोललो होतो, तेही वैरणवाल्याशी, आणि मी वैरणवाल्याशी लांबण लावत नाही.

"बोलण्यात गेली नाही ती," मुलगा म्हणाला. "शोधण्यात गेली. रेंज कमी असली की फोन जास्त जोर लावतो. टॉवर लांब, म्हणून ओरडून बोलायचं. तसं."

"दिवसभर ओरडतोय?"

"दिवसभर."

फाईव्ह-जी आमच्या भागात रस्त्यापर्यंत नीट येते. घराच्या मागल्या अंगाला ते येते आणि जाते. फोन दर वेळी ते धरायला धावतो, सुटले की फोर-जीवर उतरतो, पुन्हा धावतो. मुलाने नेटवर्कच्या पर्यायांत जाऊन मला पडदा दाखवला. मी म्हटले, "तू लावू नकोस. मला दाखव, मी लावतो." मी फोर-जी लावले. मला वर्तमानपत्र आणि पंचांग वाचायला ते पुरते.

खाली दुसरे सिम दिसले. ते निपाणीकडचे होते. पत्नीच्या माहेरी तेच नेटवर्क लागत असे म्हणून तिच्यासाठी घेतलेले. रिचार्ज संपून फार काळ लोटला होता. सिम मात्र आत होते आणि सेवा नाही म्हणून फोन त्याच्यासाठीही शोध घेत होता.

"हे असू दे का?" मुलाने विचारले. त्याचा आवाज खाली आला होता.

"बंद कर," मी म्हणालो. मग त्याचा अंगठा हलेना, म्हणून मीच केले.

नंतर त्याने विचारले, "धार काढताना फोन कुठं असतो?"

"किटलीत."

"कशात?"

जयसिंगपूरहून परतल्यावर एकदा फोन माझ्या खिशातून म्हशीच्या पाण्याच्या टाकीत पडला होता. तेव्हापासून मी गोठ्यात गेलो की तो दुधाच्या रिकाम्या किटलीत ठेवून झाकण लावतो आणि किटली खुंटीला अडकवतो. शेण नको, पाणी नको, शेपटीचा फटका नको. दूध काढायला बादली, डेअरीला न्यायला मोठी किटली, आणि फोनला ही लहान. आमच्या आळीत हा काही माझ्या एकट्याचा रिवाज नाही. दूध घालणाऱ्या घरांत मोकळी किटली ही सर्वांत सुरक्षित जागा असते, आणि धार झाली तरी वैरण कापणे, गोठा धुणे यात फोन तिथेच राहून जातो.

मुलगा उठून माझ्यासोबत गोठ्यात आला. फोन किटलीत टाकला, झाकण दाबले, किटली खुंटीला लावली आणि आपल्या फोनवरून मला फोन केला. संपर्क क्षेत्राबाहेर. झाकण काढले. किटली वाजू लागली. झाकण लावले. पुन्हा क्षेत्राबाहेर. म्हैस मान वळवून बघत होती.

"आबा, ॲल्युमिनियमच्या भांड्यात घालून वर पत्र्याचं छप्पर! काय शोधणार तो बिचारा? मरेपर्यंत ओरडणारच की."

तो हसू लागला. मला हसू आले नाही. मी महिनाभर फोन जपत होतो आणि त्या जपण्यानेच तो मरत होता. मी जुन्या धोतराच्या तुकड्याची पिशवी शिवली, बंद लावला आणि गोठ्याबाहेरच्या लाकडी खांबाला, ओंजळभर सावली असते तिथे टांगली. नंतर मी गोठ्यात आणि मुलगा सोप्यात, असे तो अधूनमधून फोन करीत राहिला व मी उचलत राहिलो. कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "बाप-लेक एका घरात ऱ्हाऊन फोनवर बोलत्यात! भांडलासा काय?"

"व्हय," मी म्हणालो.

चारच्या सुमारास पावणे आले. मोटारसायकलवरून उतरले, सरळ गोठ्यात शिरले, कासेला हात लावला, दात पाहिले.

"म्हस झ्याक हाय. कितव्या वेताची?"

मी पिशवीतून फोन काढला आणि मुलासमोर धरला. दिवस कलला होता आणि बॅटरी निम्म्याहून खूप वर होती. त्याने पाहिले. मग नजर दुसरीकडे नेली.

"फोन चालला, मान्य. पण तुम्ही एकटेच आहात ना, आबा? ते कुठं बदललं?"

"ते सकाळी का न्हाय बोललास?"

त्याने खांबावरची रिकामी पिशवी सरळ केली.

"एकटा हाय, म्हणून न्यायचंय असं म्हण. मी न्हाय म्हणीन आणि इषय संपंल. बॅटरीचं नाव कशाला पुढं केलंस? बॅटरी मी नीट केली. म्हातारपण नीट करायला मला कुणी सांगू नये."

पावणे कासेवरचा हात तसाच ठेवून ऐकत होते. "आवो, मग म्हस द्यायची हाय का न्हाय?"

"न्हाय."

"आरं तिच्या! घरात मटण शिजत ठिवून आलोय मी. लेक या म्हणतोय, बाप जा म्हणतोय. आधी घरात तरी ठरवा की!"

"च्या घ्या आणि जावा. चूक आमची."

त्यांनी चहा घेतला. दोन बशा घेतल्या. जाताना म्हणाले, "कधी इकायची झाली तर फोन करा." मुलाने मान खाली घातली. मी म्हणालो, "आता लागतोय."

मुलगा अंधार पडण्याआधी निघाला. गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाला, "सकाळ-संध्याकाळ फोन करीन. उचला."

"उचलीन. पण बॅटरी किती हाय ते इचारू नकोस. दुसरं काय तरी इचार."

"काय विचारू?"

"म्हशीनं दूध किती दिलं, ते इचार."

त्याने गाडी सुरू केली. मग म्हणाला, "किती दिलं आज?"

"अजून काढायचं हाय. पोचल्यावर इचार."

गाडी वळेपर्यंत मी थांबलो. त्यानंतर धार काढली, डेअरीला दूध घालून आलो, म्हशीपुढे वैरण टाकली. मग घमेले विसळून घेतले आणि तिच्या सकाळच्या खाण्यासाठी सरकीची पेंड भिजत घातली.